पान नंबर सतरा

दर्यापूरच्या तहसील कचेरीसमोर पंधरा ऑगस्टला झेंडा चढायचा, तेव्हा बसायची सोय दोन प्रकारची असायची. पुढं खुर्च्या, मागं सतरंजी. कोणी कुठं बसायचं हे कोणाला सांगावं लागत नसे. खुर्च्यांवर वकील, डॉक्टर, कापसाचे अडते आणि झेंडावंदनाच्या व्यवस्था समितीचे अध्यक्ष किसनराव पाटील. या किसनरावांनी इंग्रजांच्या लढाईत वॉर फंडाला देणगी दिली होती आणि तिच्याबद्दल मिळालेली सनद काचेच्या चौकटीत घालून बैठकीत लावली होती. स्वातंत्र्य आल्यावर त्यांनी ती उतरवली नाही, फक्त शेजारी तिरंग्याचं चित्र लावलं. दोन्ही राज्यांत खुर्ची शाबूत राहिली.

एकोणसाठ साली वरून हुकूम आला, की ज्या माजी सैनिकाला शौर्याचं पदक मिळालं आहे, त्यानं पदक लावून यावं आणि त्याला पुढच्या रांगेत खुर्ची द्यावी. हुकूम काढणाऱ्याला वाटलं असेल, तालुक्यात दहा-पाच जण निघतील. निघाला एकच, आणि तोही नेमका बौद्धपुऱ्यातला निघाला. देवमन पुंजाजी खंडारे, जिनिंग फॅक्टरीतला चौकीदार.

देवमनचा बाप पुंजाजी जन्मभर गावची कोतवालकी करून गेला. चावडीत जोडे ठेवायला आत जागा होती, पुंजाजीला नव्हती. तो पायरीखाली बसायचा. पोरगा फौजेत गेला. अठ्ठेचाळीस साली काश्मिरातल्या एका टेकडीवर, बर्फात, मशीनगनपाशी तो एकटा जिवंत उरला, आणि मदत येईपर्यंत त्यानं टेकडी सोडली नाही. डाव्या पायाची दोन बोटं मात्र गमावून बसला. दवाखान्यातूनच फौजेनं त्याला घरी पाठवलं आणि हातात डिस्चार्जचं पुस्तक दिलं. त्यात ‘पदके’ या रकान्यात कोणा कारकुनानं ‘नाही’ असं लिहिलं होतं. त्या दिवशी ते खोटंही नव्हतं. पदक मागाहून, दोन वर्षांनी, रजिस्टर पार्सलनं घरी आलं. पोस्टमननं अंगठ्यासाठी शाईची डबी उघडली आणि देवमननं सही केली, एवढाच काय तो समारंभ.

तर त्या पंधरा ऑगस्टला देवमन कोट घालून, कोटावर पदक लावून आला. नायब तहसीलदारानं त्याला हाताला धरून खुर्चीवर बसवलं. तो नीट टेकून बसतो न बसतो तोच किसनराव पुढं आले.

“देवमन, पुस्तक दाखव तुहं.”

देवमननं खिशातून पुस्तक काढून दिलं. किसनरावांनी ते चष्मा लावून वाचलं.

“इथं तं नाई लिहून हाय. मेडल काय, बजारात बी भेटते. ऊठ बाप्पा, नियम साऱ्यायले सारखा.”

नायब तहसीलदारानं पुस्तकात डोकावून मान हलवली. तो नवा होता, बदलीला भीत होता. देवमन उठला. मागं सतरंजीवर बौद्धपुऱ्यातली माणसं होती, बायकांमध्ये त्याची बायको मनकर्णा होती. तिनं सरकून त्याला जागा केली, पण तो बसला नाही. झेंडा चढून मिठाई वाटून होईपर्यंत तो एका बाजूला उभाच राहिला. बसायला न मिळणं त्याला नवं नव्हतं. बसवून उठवणं नवं होतं आणि ते त्याला फार लागलं.

“खुर्चीत काय हाय एवढं,” घरी आल्यावर मनकर्णा म्हणाली. “लाकूडच तं हाय.”

“माह्या बापाले कोनी उठवलं नाई, कारन त्याले कोनी बसवलंच नाई,” देवमन म्हणाला. “मले बसवून उठवलं. आता पुस्तक सुधरवून त्याच खुर्चीवर बसीन.”

पुस्तक सुधारण्याचं काम अमरावतीला होतं. तिथं कॅम्पात एका बंगल्याच्या मागच्या दोन खोल्यांत ‘माजी सैनिक दप्तर दुरुस्ती शाखा’ अशी पाटी होती. शाखेचा कारभार हेडक्लार्क चिंतामणराव सबनीस पाहायचे. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर पुढचं ऐकून त्यांना उगाच शिव्या बसतील. लाच घेत नव्हते, तोंड गोड होतं, आणि शाखेत येणाऱ्या प्रत्येक शिपायाला हवालदार म्हणून एका दमात बढती द्यायचे. त्यांची श्रद्धा एकाच गोष्टीवर होती, फायलीच्या दोऱ्यावर. कचेरीत आलेला चिटोराही त्यांच्या देखत दाभणानं भोसकून फायलीत शिवला जाई, त्याच्यावर पान नंबर पडे, आणि एकदा शिवलेलं पान त्यांच्या हातून कधी सुटलं नव्हतं. याचा त्यांना फार अभिमान होता.

“बसा हवालदार,” चिंतामणराव म्हणाले. बसायला एक स्टूल होतं, पण त्यावर फायली होत्या. देवमन उभा राहिला.

त्याची हकीकत त्यांनी शांतपणे ऐकून घेतली. बर्फाचा भाग आला तेव्हा “अरेरे” म्हणाले.

“म्हणजे पदक मिळालं आणि पुस्तकात नोंद नाही. बरं. पुरावा?”

देवमननं पदक टेबलावर ठेवलं.

“हे पदक झालं. पुरावा?”

“हाच जी पुरावा. याच्यावर माहा नंबर हाय.”

चिंतामणरावांनी पदक उजेडाकडं धरलं. कडेवर बारीक अक्षरांत नंबर आणि नाव कोरलेलं होतं. ते खरोखर खूश झाले. “वा. याहून पक्का पुरावा कुठला. ठेवून जा.”

“ठेवून?”

“अर्जासोबत पुरावा जोडावा, असा नियम आहे. जोडावा. दाखवावा असं म्हटलेलं नाही.”

त्यांनी सूर्यभान पट्टेवाल्याला हाक मारली. अर्ज, त्याच्या नकला आणि दाखले मिळून सोळा पानं आधीच शिवून झाली होती. सूर्यभाननं दाभणात मेणाचा दोरा ओवला, पदकाच्या कडीतून काढला, फायलीच्या पुठ्ठ्यातून आरपार नेला आणि मागं गाठ मारली. मग चिंतामणरावांनी टाक दौतीत बुडवला. धातूवर शाई बसेना, म्हणून त्यांनी पदकाच्या रंगीत फितीवर नीट वळणदार अक्षरात लिहिलं, १७. फितीच्या कापडात निळी शाई पसरत गेली. पायाची बोटं काळी पडताना देवमन इतका घाबरला नव्हता.

“परत कवा भेटंन जी?”

“काम होऊ द्या. सरकारच्या घरी आहे, हरवायचं नाही.”

सरकारी काम, सहा महिने थांब, असं आपण म्हणतो. म्हणणाऱ्यानं ही शाखा पाहिली नसावी, नाहीतर तो महिन्यांवर थांबला नसता. देवमन राहणारा अमरावती जिल्ह्यातला, पण फौजेत भरती झाला अकोल्याला. म्हणून फाईल अकोल्याला गेली. देवमन सुटी काढून छोट्या गाडीनं मूर्तिजापूर आणि तिथून मोठ्या गाडीनं अकोल्याला गेला, तर तिथल्या कारकुनानं विचारलं, पुरावा कुठं आहे. देवमन म्हणाला, फायलीत. फाईल कुठं आहे, तर ती अमरावतीला परत गेलेली, कारण माणूस राहतो तिकडं. अमरावतीला यावं, तर फाईल अकोल्याला, कारण माणूस भरती झाला तिकडं. पुढं पुढं देवमनला गाडीत बसलं की वाटायचं, समोरून येणाऱ्या गाडीत आपलं मेडल चाललं असेल. कारकुनानं तरी काय करावं? त्याच्या पुढ्यात एका वेळी माणूस नाहीतर फाईल, दोहोंपैकी एकच यायचं.

साठ सालचा सव्वीस जानेवारी असाच गेला. देवमन सतरंजीच्या बाजूला उभा राहिला. खुर्ची रिकामी नव्हती, किसनरावांनी तिच्यावर मोठ्या जावयाला बसवलं होतं. मग मे महिन्यात महाराष्ट्र झाला. सगळीकडं दिवे लागले, पेढे वाटले, आणि देवमनच्या फायलीवरचे सगळे शिक्के जुन्या राज्याचे ठरले. फाईल पुन्हा पहिल्यापासून निघाली, नवे शिक्के घ्यायला. देवमननं नव्या राज्याचा पेढा खाल्ला तो याच बातमीसोबत.

मनकर्णा रोज सकाळी घरातलं फडताळ पुसायची. पदक तिथं एका टिनच्या डबीत असायचं. डबी रिकामी होती तरी ती उचलून खालची धूळ पुसायची आणि परत ठेवायची. देवमनला ते बोलण्यापेक्षा जास्त टोचायचं.

एकसष्टच्या जानेवारीत, संक्रांत झाल्यावर, अमरावतीचं कार्ड आलं. देवमन पोचला तेव्हा चिंतामणराव दारात उभे होते. दुरुस्तीला ठेवून घेतलेलं पुस्तक त्यांनी स्वतः उघडून दाखवलं. ‘नाही’वर आडवी रेघ होती आणि लाल शाईनं लिहिलं होतं, पदक एक, शौर्याचे. बाजूला गोल शिक्का. देवमननं ती ओळ बोटानं चाचपली. चिंतामणरावांना भरून आलं, कारण दीड वर्षात त्यांचा त्या फायलीवर जीव जडला होता.

“आता माहं मेडल द्या जी.”

“कुठलं?”

“हे काय, शिवेल हाय थे.”

“ते पान सतरा आहे,” चिंतामणराव म्हणाले.

देवमनला वाटलं, ते थट्टा करताहेत. चिंतामणराव थट्टा करणाऱ्यांतले नव्हते.

“हवालदार, असं बघा. उद्या वरून कोणी विचारलं, ही नोंद कशाच्या आधारावर केली, तर मी काय दाखवू? पान सतरा. तेच काढून दिलं, तर नोंदीला आधार काय राहिला? तुमची छाती दाखवू?”

“व्हय जी. त्याच्यासाठीच तं मेडल देतेत.”

चिंतामणरावांनी फायलीमागची गाठ चाचपून पाहिली. वीस वर्षांत एक पान न सुटू दिलेला माणूस एवढ्यानं हलत नसतो. बराच विचार करून ते म्हणाले, “नक्कल देता येईल. नियमात आहे.”

नक्कल करणाऱ्या कारकुनानं दौतीचं झाकण कागदावर ठेवून गोल काढला. आतली नक्षी काढायला गेला, ती गोलात मावेना, म्हणून अर्ध्यावर सोडली. वर एक चौकोन काढून त्यात लिहिलं, ‘येथे फीत आहे.’ खाली चिंतामणरावांनी सही ठोकली, ‘खरी नक्कल असे.’

“हे छातीले लावू काय मी?” देवमननं विचारलं. तो रागावला नव्हता, त्याला खरंच समजून घ्यायचं होतं. “हुकमात हाय, मेडल लावून या. बिन मेडलाचं थे पाटील मले बसू देत नाई. मेडल होतं तवा तुमचा कागद नव्हता. आता कागद हाय तं मेडल नाई. मी बसू कवा?”

चिंतामणरावांनी नियमावली काढून पानं उलटली. मग त्यांचा चेहरा उजळला. जबाबदार माणूस सोबत असेल तर फाईल कचेरीबाहेर नेता येते, असं एक कलम होतं. “मी स्वतः घेऊन येतो,” ते म्हणाले, आणि कोणाचं लग्न जमवल्यासारखे हसले.

सव्वीस जानेवारीला पहाटेच्या एसटीनं चिंतामणराव दर्यापूरला उतरले. काळी टोपी, धुतलेला कोट, छातीशी लाल रुमालात बांधलेली फाईल. तहसीलपुढं खुर्च्या मांडून झाल्या होत्या आणि एका खुर्चीच्या पाठीवर कागद चिकटवला होता, ‘पदकधारक’. देवमन त्या खुर्चीच्या बाजूला उभा होता. किसनरावांनी पुस्तक पाहिलं, लाल शाई पाहिली, शिक्का पाहिला. त्यात त्यांना काही खोट सापडेना.

“हे झालं. पन मेडल?”

“हे आणलं आहे,” चिंतामणराव म्हणाले. त्यांनी गाठोडं सोडून फाईल पान सतरावर उघडली. पदक दोऱ्यानं घट्ट बसलं होतं, फितीवर निळा सतरा. आता ही फाईल ठेवायची कुठं? सरकारी दप्तर जमिनीवर ठेवता येत नाही. देवमनच्या मांडीवर द्यावं तर ते अर्जदाराच्या ताब्यात गेल्यासारखं होतं. चिंतामणरावांनी इकडंतिकडं पाहिलं, आणि खुर्चीवर रुमाल अंथरून वर फाईल उघडी ठेवली.

किसनराव आणि नायब तहसीलदार थोडा वेळ कुजबुजले.

“बराबर हाय,” किसनराव म्हणाले. “हुकूम मेडलाचा. मेडल खुर्चीवर हाय.”

हुकूम झाला की पाळायचा, हे देवमनच्या हाडात होतं. तो खुर्चीमागं सावधान उभा राहिला, जणू फायलीवर त्याची ड्यूटी लागली आहे. अमरावतीहून पाहुणे आले होते, कोणी तरी मोठे अधिकारी. ते पहिल्या रांगेतून हात जोडत निघाले आणि पदकधारकाच्या खुर्चीशी थांबून त्यांनी फायलीला नमस्कार केला. मागच्या चौकीदाराकडं त्यांचं लक्ष गेलं नाही. खुर्च्यांवरच्या मंडळींनी टाळ्या वाजवल्या. देवमनच्या डोळ्यांसमोर चावडीची पायरी आली आणि त्याची मान खाली गेली.

ती खाली गेलेली मान सतरंजीवरून मनकर्णानं पाहिली. ती उठली. दोन्ही बाजूंच्या बायांनी तिचं लुगडं ओढलं, पण ती थांबली नाही. माणसांमधून वाट काढत खुर्चीपाशी आली. फायलीवर वाकली, मेणाचा दोरा दाताखाली धरला आणि तोडला. गोधड्या शिवणारी बाई ती, तिला कात्री लागत नसे.

“बाई, बाई, ते पान आहे,” चिंतामणराव म्हणाले.

“पान असंन तुमच्या कचेरीत,” मनकर्णा म्हणाली. “माह्या घरी थे मेडल होतं.”

तिनं फाईल उचलून चिंतामणरावांच्या हातांत दिली. बांगडीतली सेफ्टी पिन काढून नवऱ्याच्या कोटावर पदक लावलं. पिन थोडी वाकडी लागली, ती तिनं सरळ केली.

“बसा,” ती म्हणाली.

देवमन बसला. खुर्चीचा वेत सैल झाला होता आणि एक खिळा पाठीला लागत होता. दीड वर्षं ज्या खुर्चीसाठी तो गाड्यांतून हिंडला, ती ही असली. पण त्याला रडू आलं आणि त्यानं ते येऊ दिलं. किसनराव काही बोलायला गेले, तेवढ्यात पाहुणे परत फिरले. त्यांनी आता देवमनकडं पाहिलं आणि वाकून पदक न्याहाळलं.

“हे सतरा काय?”

“माहा पान नंबर, साहेब.”

पाहुण्यांनी गंभीरपणे मान डोलावली. फौजेतल्या गोष्टी जास्त विचारायच्या नसतात, असं त्यांना वाटलं असावं. झेंडा चढला.

कार्यक्रम संपल्यावर चिंतामणराव एसटीच्या थांब्यावर फाईल पोटाशी धरून बसले होते. पानं सोळा, मग अठरा. त्यांचा चेहरा पाहून देवमनला त्यांची दया आली. त्यानं खिशातून नकलेची घडी काढली.

“ही लावा जी सतराच्या जागी. खरी नक्कल हाय. तुमचीच सही हाय.”

चिंतामणरावांनी आपली सही पाहिली. ती नाकारता येत नव्हती. त्यांनी कागद फायलीत ठेवला आणि रुमालाची गाठ मारली.

जुलैत अमरावतीचं पत्र आलं. ‘पान क्रमांक १७ तपासले असता ते मूळ नसून नक्कल असल्याचे आढळून आले. सबब मूळ पुरावा पुन्हा जोडावा, अन्यथा नोंद रद्द समजून पुस्तक दुरुस्तीस आणावे.’ सही चिंतामणरावांची. खाली वेगळ्या शाईनं एक ओळ होती, ‘मनकर्णाबाईंना माझा नमस्कार सांगावा.’

देवमन पुस्तक घेऊन अमरावतीला गेला. मेडल डबीत ठेवून गेला, एवढं शहाणपण आता त्याला आलं होतं. चिंतामणरावांनी लाल ओळीवर रेघ मारली आणि पुन्हा ‘नाही’ लिहिलं. “हवालदार, माझा इलाज नाही,” ते म्हणाले. देवमन म्हणाला, “मले ठाऊक हाय जी.” मग त्यांनी स्टुलावरच्या फायली उचलून खाली ठेवल्या आणि देवमनला चहा पाजला.

पंधरा ऑगस्ट आला. देवमन कोट घालून, पदक लावून तहसीलपुढं आला. कोणी हात धरायची वाट न पाहता सरळ पुढं गेला आणि पहिल्या रांगेत, खिळ्याच्या खुर्चीवर बसला. किसनराव लगबगीनं आले. पुस्तकात काय लिहिलं आहे ते त्यांना आधीच कळलं होतं, असल्या बातम्या त्यांच्याकडं देवमनच्याही आधी पोचत.

“देवमन, पुस्तक...” त्यांनी सुरुवात केली.

मागं सतरंजीवर मनकर्णा गुडघ्यावर हात ठेवून अर्धवट उठली. तिच्याबरोबर बौद्धपुऱ्यातल्या आणखी दोघीचौघी उठल्या. किसनरावांनी तिकडं पाहिलं, मग झेंड्याच्या दोरीकडं पाहिलं.

“बसा, बसा,” ते म्हणाले.

“बसलोच हाय,” देवमन म्हणाला.